एकदाच विचारतील

प्रिय पोरी,

तू फिनलंडला एका कुटुंबात राहायला निघालीस, म्हणून काल फोनवर तुझ्या आईनं मला बारा-तेरा प्रश्न विचारले आणि तू मागून एकच विचारलास, "मावशी, लोक कसे असतात?" आईचं तिथल्या तिथे निस्तरलं. हो, शाकाहारी मिळतं. नाही, जूनमध्ये बर्फ नसतो. आणि हो, कमोडशेजारी हातात धरायचा पाण्याचा फवारा असतो, त्या बाबतीत फिनलंड आपल्याइतकाच शहाणा आहे. तुझ्या प्रश्नाला मात्र पत्रच लागणार होतं.

मी गेले १९९७ च्या जूनमध्ये. सतरा वर्षांची होते आणि साताऱ्याबाहेर पुण्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. कुओपिओ शहराजवळ एका कुटुंबात माझी सोय झाली होती. आई, वडील, माझ्याच वयाची मुलगी, एक धाकटा मुलगा, आणि उन्हाळाभर तळ्याकाठच्या घरात मुक्काम ठोकणारी आजी. आजीला तिकडे 'मुम्मो' म्हणतात. ही एक हाक सोडली तर बाकी सगळ्यांना नावानंच हाक मारायची, अगदी त्या घरच्या आईला, म्हणजे होस्ट मदरलासुद्धा. काका-काकू चिकटवायला गेलीस तर त्यांना कळणारच नाही कुणाला बोलावतेयस. मला आठवडाभर जीभ चावावी लागली.

पहिल्या संध्याकाळी टेबलावर राय नावाच्या धान्याचा काळपट, आंबूस पाव होता, लोणी, चीज, काकडी, आणि शेपू घालून उकडलेले बटाटे. मी दोन बटाटे खाल्ले. होस्ट मदरनं भांडं पुढे करून विचारलं, अजून? पोट अर्धंही भरलं नव्हतं, पण मी आपली रीत पाळली. "नको, पुरे." आता ती म्हणणार 'अगं घे की', मी म्हणणार 'बरं, एकच', मग ती दोन वाढणार, असा सगळा हिशेब डोक्यात तयार. तिनं मान हलवली, भांडं उचललं आणि बटाटे फ्रीजमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या रात्री मी पांघरुणात बसून आईनं बांधून दिलेले बेसनाचे लाडू खाल्ले. तेही कसे, तर रात्रीचे अकरा वाजलेत आणि खिडकीबाहेर लख्ख उजेड, म्हणजे चोरून खायला अंधाराचाही आधार नाही. नेमकी तेव्हाच त्यांची मुलगी खोलीत आली. लाडवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ विचारलं, "तुला आमचं जेवण आवडत नाही का?"

मी सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो, मग घरचे आग्रह करतात, मग तो घेतो. 'आग्रह' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं हे मला तेव्हाही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. सकाळी ही कथा पूर्ण घराला कळली. होस्ट मदरचा चेहरा लाल झाला, पण ती जे म्हणाली ते मी आजतागायत विसरलेले नाही. "तू नको म्हणालीस. मी पुन्हा विचारलं असतं तर तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही असा अर्थ झाला असता ना?"

तर पोरी, तिथले लोक असे असतात. एकदा विचारतात आणि उत्तर खरं मानतात. भूक लागली असेल तर पहिल्याच खेपेला हो म्हण. थंडी वाजत असेल तर जास्तीचं पांघरूण माग. डुकराचं किंवा गाईचं मांस खात नसशील तर जायच्या आधीच कळव, कारण उन्हाळ्यात शेकोटीवर भाजतात ते मक्करा नावाचं सॉसेज बहुतेक डुकराचंच असतं. 'त्यांना उगाच त्रास कशाला' हा विचार इथेच ठेवून जा. आणि हे उलट्या बाजूनंही लागू आहे बरं का. तू शिरा केलास आणि कुणी 'नको' म्हणालं, तर ते नकोच असतं. पाठीमागे वाटी घेऊन फिरू नकोस. मी फिरले आहे.

पुढचं कोडं म्हणजे गप्प बसणं. तळ्यावरच्या घरी गाडीनं जाताना तासभर कुणी अवाक्षर काढलं नाही. मी मागच्या सीटवर बसून 'आपलं काय चुकलं' याची यादी करत होते. काहीच चुकलं नव्हतं. बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते बोलत नव्हते, एवढंच. गंमत म्हणजे कुओपिओ ज्या साव्हो प्रांतात येतं, तिथली माणसं फिनलंडमध्ये बडबडी आणि आडवळणानं बोलणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. साव्होचा माणूस बोलतो तेव्हा अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर जाते, अशी म्हणच आहे तिकडे. ही बडबडी माणसं, तर बाकीच्यांचं काय असेल याची कल्पना कर! कधीकधी कुणीतरी श्वास आत ओढता ओढता 'यो' म्हणेल. दचकू नकोस, धाप नाही लागलेली. ते 'हो' आहे.

हे तळ्याकाठचं घर म्हणजे म्योक्की. देशाची लोकसंख्या जेमतेम ५६ लाख आणि अशी उन्हाळी घरं ५ लाखांहून जास्त. ऐट मुळीच नाही. आमच्या म्योक्कीत नळ नव्हता, संडास झाडीत, लाकडी खोपटात. काम झालं की शेजारच्या पिंपातला भुसा वरून टाकायचा. शहरात सगळ्या सोयी असलेली माणसं सुट्टीत मुद्दाम इथे येऊन लाकडं फोडतात आणि बादलीनं पाणी वाहतात. मला ते अजब वाटलं. माझ्या आजीनं उभं आयुष्य पाणी वाहिलं होतं आणि तिला त्यात सुट्टी कधी दिसली नाही.

पहिले काही दिवस मी पाहुणीसारखी हातावर हात ठेवून बसले. कुणी काम सांगेना. मला वाटलं, किती मान देतात! मग एका सकाळी मुम्मो गालिचे धुवायला निघाली. तिनं माझ्या हातात एक ब्रश ठेवला आणि चालू लागली. शब्द एक नाही.

त्या गालिच्यांबद्दल सांगायलाच हवं. जुने शर्ट, चादरी, परकर यांच्या पट्ट्या फाडून मागावर विणलेले लांबलचक पट्टे असतात ते, आपली गोधडी आठव. उन्हाळ्यात ते पाण्यावरच्या धक्क्यावर नेऊन पाइनच्या वासाच्या साबणानं घासायचे, खळबळून पिळायचे आणि कठड्यावर वाळत टाकायचे. (आता पुष्कळ ठिकाणी धुण्याची सोय काठावर केली आहे, साबणाचं पाणी तळ्यात जाऊ नये म्हणून.) आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून घासत होतो. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला फिनिश नव्हतं. मध्येच ती एका निळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "उक्की." म्हणजे आजोबा. वारलेल्या नवऱ्याचा शर्ट. मग एका फुलाफुलांच्या पट्टीवर बोट, आणि स्वतःकडे. माझ्या आजीच्या गोधडीत आजोबांच्या धोतराचा तुकडा होता, तो मला कुणी असाच बोट ठेवून दाखवला होता. हे तिला सांगायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. मी जोरजोरात घासत राहिले. दुपारी तिनं न विचारता माझ्या बशीत दोन पुल्ला ठेवले. पुल्ला म्हणजे गोड पाव. त्यात वेलदोडा असतो, घरचाच वास येतो.

तेव्हा कामाची वाट बघू नकोस. जेवण झालं की ताटं उचल, धुतलेल्या बश्या बेसिनवरच्या कपाटात लाव. या कपाटाला तळच नसतो, नुसत्या जाळ्या, पाणी खाली निथळतं. १९४० च्या दशकात माइयु गेबहार्ड नावाच्या बाईंनी ते घरोघरी पोचवलं. आपल्याकडे अजून का नाही, हा प्रश्न मला दर वेळी भांडी पुसताना पडतो.

आता साउना, म्हणजे तिकडची वाफेची खोली. आईसमोर तू हा विषय काढला नाहीस, पण मला कळलं. घरात शक्यतो बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे जातात, आणि अंगावर कपडे नसतात. पाहुणीनं टॉवेल गुंडाळला किंवा पोहायचा पोशाख घातला तर घरच्या साउनात कुणी काही म्हणत नाही. मी पहिल्या दोन खेपांना घातला होता. तिसऱ्यांदा माझं मलाच ते हास्यास्पद वाटलं. तुला तसं वाटलंच पाहिजे असं मुळीच नाही. एकटीला जायचं असेल तर तसं सांग. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, कारण तिथे 'नाही' चालतं हे आता तुला माहीत आहे.

आधी अंघोळ, मग आत. बसायला छोटा टॉवेल घे. खालच्या फळीवर धग कमी असते, तिथून सुरुवात कर. तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की जी वाफ अंगावर येते तिला ल्योयल्यू म्हणतात. कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या होतात. नको झालं की उठून बाहेर ये, ही शर्यत नाही. बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी अंगावर मारून घेतात, ती साव्होत 'वास्ता' आणि पश्चिमेकडे 'विह्ता', आणि खरा शब्द कुठला यावर ही अबोल माणसं तावातावानं भांडू शकतात. पूर्वी बायका बाळंत व्हायच्या त्या साउनातच, कारण घरातली सगळ्यात ऊबदार, स्वच्छ जागा तीच. मुम्मोचा जन्म तिथलाच. आपल्या बाळंतिणीच्या शेक-शेगडीची आठवण झाली मला. साउनात जाताना आपण कसली अजब वस्तू बघायला चाललोय असं नाही, कुणाच्या तरी देवघरात चाललोय अशा बेतानं जा. २०२० साली युनेस्कोनं साउनाला वारशाच्या यादीत घेतलं, पण मुम्मोला त्या कागदाची गरज नव्हती.

युहान्नुस, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळ्यातला सण, तुला तिथेच मिळेल. २० ते २६ जूनच्या दरम्यान जो शनिवार येतो तो, पण खरी धामधूम आदल्या संध्याकाळची. दाराशी बर्चची झाडं उभी करतात, पाण्याकाठी मोठी होळी पेटवतात (रान फार कोरडं असेल तर बंदी येते), आणि संध्याकाळी ६ ला चढवलेला झेंडा रात्रभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी रात्री ९ ला उतरवतात. त्या रात्री दारूही वाहते आणि दर वर्षी कुणी ना कुणी बुडतं. होडीत लाइफ जॅकेटशिवाय पाय ठेवायचा नाही, भले बाकीचे हसोत. तू विहिरीत पोहायला शिकलीस हे ठीक, पण जूनमधलं तळं विहिरीपेक्षा फार गार असतं. आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी ने, नाहीतर झोपेचं खोबरं होईल.

भाषा थोडी तरी शीक. इंग्रजी बहुतेकांना येतं, तरीही. लिहितात तसंच बोलतात, जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, आणि 'तो' व 'ती' दोघांना एकच शब्द, हॅन. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळ. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. शाळेत शुद्धलेखनाचे मार्क जायचे, इथे अब्रू जाते. धाकट्याला 'संध्याकाळी भेटू' सांगताना 'तपान सिनुत'च्या जागी मी 'तपन सिनुत' म्हणाले. म्हणजे तुला ठार मारीन. तो उन्हाळाभर मला बघून टेबलाखाली लपायचा.

साल्मिआक्की नावाची काळी गोळी कौतुकानं देतील. तिच्यात नवसागर असतो. हो, कल्हईवाला भांड्यावर टाकतो तोच. इथे पहिल्याच खेपेला नाही म्हणायची तुला पूर्ण मुभा आहे. जुलैअखेरीला रानात मुस्तिक्का नावाची निळी फळं पिकतात. रान कुणाचंही असो, वेचायला आडकाठी नाही, फक्त कुणाच्या अंगणात शिरायचं नाही. आपल्या डोंगरातल्या करवंदांसारखंच, पण जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी होते. घरी आलीस की अंगावर गोचीड चढली नाही ना ते नीट बघ. जायच्या आधी डॉक्टरांना गोचिडीच्या तापाच्या लशीबद्दल विचारून घे.

एक गंभीर गोष्ट. कुटुंबाशी नाही जमलं, किंवा कुणाच्याही वागण्यानं अवघडल्यासारखं झालं, तर तुला नेमून दिलेल्या स्थानिक संपर्क व्यक्तीला त्याच दिवशी सांग. घर बदलून घेणं हा गुन्हा नाही. माझ्याबरोबर गेलेल्या एका मुलीनं पाच आठवडे गप्प राहून काढले, 'लोक काय म्हणतील' म्हणून. तिला विचारणारं कुणी नव्हतं, कारण ती पहिल्या दिवशी 'सगळं छान' म्हणाली होती आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. तातडीच्या वेळी ११२.

आणि आईला रोज व्हिडिओ कॉल नको. आठवड्यातून दोनदा पुरे. मी तिच्याशी बोलेन.

नेण्यासाठी फार काही भरू नकोस. एकदा तुला स्वयंपाक करायला सांगतील, तेव्हा साधी बटाट्याची भाजी कर, पण त्यांच्या पहिल्या कोवळ्या बटाट्यांना फोडणीचा हात लावू नकोस, ते लोणी आणि शेपूबरोबरच खायचे. जुलैत कर. मी तुझ्यासाठी गोडा मसाला कुटून ठेवलाय, पाव किलोची पुडी आहे. रविवारी येऊन घेऊन जा. आणि 'राहू दे ना मावशी, कशाला' असलं काही म्हणू नकोस. मी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

तुझी,
मावशी