पालवी फुटली, पण मूळ कुठंय?

प्रश्न : मी मानेवाड्याला राहते. शेजारच्या काकूंकडून जास्वंद, तगर आणि बोगनवेलच्या काड्या आणून कुंडीत लावल्या, आठवडाभरात मस्त हिरवे कोंब आले, घरात सगळ्यांना दाखवून झालं आणि आता एकेक करून वाळून राहिल्या. माती शेतातली काळी आहे, पाणी रोज दोन वेळा देते. एक उपटून पाहिली तर खाली मूळच नाही! काय चुकून राहिलं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, उपटून पाहिली ते बरंच केलं, उत्तर तिथंच आहे. काडीत आधीचं अन्न साठलेलं असतं, त्याच्या जोरावर ती कोंब काढते, त्याला मूळ लागत नाही. पण पान उघडलं की त्यातून पाणी उडायला लागतं आणि खालून पुरवठा शून्य, म्हणजे साठा संपला की खेळ खल्लास. त्यामुळे कोंब दिसला म्हणून काडी लागली असं समजून कुंडी उन्हात नेऊ नका.

दुसरं म्हणजे माती. काळी माती कपाशीला छान, काडीला नाही. ती पाणी धरून बसते, आत हवा खेळत नाही, वरून दोन वेळा पाणी, मग बुड सडणारच. उपटलेल्या काडीचं बुड काळं आणि मऊ लागलं असेल तर हेच झालंय. कन्हान नदीची जाडी रेती मिळाली तर धुऊन घ्या, त्यात तेवढंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बस. खत अजिबात नको, खायला आधी तोंड तर फुटू द्या! पाणी वरचा थर सुकल्यावरच.

काडी पेन्सिलीएवढी जाड, सहा-सात इंच, अगदी कोवळी नको नि फार जूनही नको. खालचा काप डोळ्याच्या (पान फुटतं तो सांधा) जरा खाली, धारदार ब्लेडने, चेंगरायला नको. वर दोनच पानं ठेवा, मोठी असतील तर कात्रीने अर्धी करा, आणि कळी असेल तर जीव घट्ट करून खुडा. निदान दोन डोळे रेतीत गेले पाहिजेत. बऱ्याचदा आधी कापावर पांढरट खरबरीत गाठ येते, तिच्या आसपास मग मुळं फुटतात.

मूळ फुटावं म्हणून कापाला काय लावावं, मध, दालचिनी की कोरफड, यावर लोक भांडतात, मला विचाराल तर जास्वंद-तगरीला यातलं काहीच लागत नाही. बोगनवेल मात्र हट्टी, तिला नर्सरीतली आयबीएवाली (मुळं फुटायला मदत करणारी) हार्मोन पावडर लावाच, जास्तीची झटकून.

आणि सीझन बघा हो! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा काड्या लावणं म्हणजे हौस आहे फक्त. जुलै-ऑगस्टची दमट हवा सगळ्यात बेस्ट. एरवी लावायचीच असेल तर सावलीत ठेवून वरून पारदर्शक पिशवी घाला, पानांना चिकटणार नाही अशी, आणि रोज थोडा वेळ उघडा. कूलरच्या झोतात नको, हवा गार असली तरी वारा पानं सुकवतो. जास्वंद-तगरीला साधारण चार ते सहा आठवडे, बोगनवेलला दोन महिनेही लागू शकतात. काडी हळूच ओढून बघा, खालून अडली तर मूळ आलं. उपटायची सवय सुटत नसेल तर बुडाला भोकं पाडलेल्या पारदर्शक डिस्पोजेबल ग्लासात लावा, मुळं बाहेरूनच दिसतात.

प्रश्न : मोगऱ्याची काडी माझ्याकडे लागतच नाही, दुसरा उपाय?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : दाब कलम करा. पावसाळ्यात खालची लवचिक फांदी वाकवायची, एका डोळ्याखालची साल थोडी खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा, शेंडा बाहेर. फांदीला आईच्या झाडाकडून पाणी मिळत राहतं त्यामुळे वाळायची भीती नाही. दोनेक महिन्यांनी माती जरा उकरून मुळं दिसली की फांदी आईच्या झाडापासून कापा, पण लगेच काढू नका, आठवडाभर तिथंच राहू द्या नि मग कुंडीत न्या.