मालेला दुपारी साडेतीनला उतरल्यावर त्याच दिवशी सीप्लेनने रिसॉर्टला पोहोचता येईल का?

विमान वेळेवर आलं तर बहुधा पोहोचाल, पण तासभर उशीर झाला तर ती रात्र माले किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागेल. मालदीवमधली सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात, कारण वैमानिक डोळ्यांनी पाणी पाहून लगूनमध्ये, म्हणजे बेटाभोवतीच्या शांत, उथळ पाण्यात उतरवतो; तिथे ना धावपट्टी, ना दिवे. सूर्यास्त वर्षभर सहाच्या आसपासच होतो, आणि त्याआधी विमानाला अधलेमधले थांबेही घ्यायचे असतात. म्हणूनच बरेच रिसॉर्ट साडेतीनच्या आत उतरायला सांगतात. तुम्ही अगदी काठावर आहात.

त्यातून सीप्लेनचं बुकिंग रिसॉर्ट करतं, विमान कंपनी नाही. त्यामुळे तुमचं मुख्य विमान लेट झालं म्हणून हुकलेल्या सीप्लेनची किंवा हॉटेलच्या रात्रीची भरपाई विमान कंपनी सहसा देत नाही. वाटेत विमान बदलणार असाल तर निदान ते दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. रिसॉर्टला फ्लाइट नंबर आधी कळवा, इमुगा या मालदीव सरकारच्या वेबसाइटवरचा प्रवासी फॉर्म उतरण्याआधीच्या ९६ तासांत भरून टाका (काउंटरवर उभं राहून मोबाइलवर तो भरणारे हमखास दिसतात!) आणि बॅग हलकी ठेवा, सीप्लेनमध्ये साधारण २० किलोच चालतं.

हे सगळं सीप्लेनपुरतं. रिसॉर्ट मालेजवळ असेल आणि स्पीडबोटने जायचं असेल, तर बोटी रात्रीही सुटतात.