वाचकांचे प्रश्न: मैत्रिणीसारखेच फोटो यायला लागलेत, काय करू?

प्रश्न: मी आणि माझी मैत्रीण बरीच वर्षं सोबत स्ट्रीट फोटोग्राफी करतो. तिने फ्लॅश वापरायला सुरुवात केली की मी पण करते, मी सावल्यांच्या मागे लागले की ती पण लागते. परवा एका ओळखीच्यांनी आमचे फोटो बघून विचारलं, यातला कुठला कुणाचा? तेव्हापासून तिच्यासोबत जावंसंच वाटत नाही. ही कॉपी झाली ना?

उत्तर: सोबत जाणं अजिबात सोडू नका हो, अशी मैत्रीण सगळ्यांना मिळत नाही. एकाच फुटपाथवर दोघी शेजारी उभ्या, लेन्स तीच, समोरचा माणूस पण तोच, मग फ्रेम सारखीच येणार, त्यात कॉपी कसली.

मला वाटतं तुम्ही एकमेकींकडून विषय आणि ट्रिक उचलताय, आणि खरं घ्यायचं ते राहूनच जातंय. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स 1930 मध्ये न्यू मेक्सिकोत ताओसला पॉल स्ट्रँड या फोटोग्राफरना भेटले, तेव्हा स्ट्रँडकडे दाखवायला प्रिंट नव्हते, नुसत्या निगेटिव्ह होत्या, पण त्या बघून पियानोवादक व्हायला निघालेल्या अ‍ॅडम्सनी ठरवलं की आता फोटोग्राफीच करायची. पुढे काढले मात्र स्वतःचेच डोंगर आणि आकाश! नंतर 1932 मध्ये ते आणि एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफर मंडळींनी ग्रुप एफ/64 काढला. लहान अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) ठेवायचं, पुढून मागपर्यंत सगळं शार्प हवं, हे दोघांनाही पटलेलं, तरी वेस्टन भोपळी मिरची आणि शंखांचे क्लोजअप काढत होते. दोघांचे फोटो शेजारी ठेवा, गोंधळ होणारच नाही.

तुम्ही एक करून बघा. शूट झालं की निवडलेले नाही, सगळेच फोटो एकमेकींना द्या, हललेले, फोकस गेलेले, अर्धवट पण, आणि तुमच्यातले दहा तिला निवडू द्या, तिच्यातले तुम्ही निवडा. तुम्ही डिलीट करणार होतात अशा एखाद्या फ्रेमवर ती थांबेल, समजा कोपऱ्यात कुणाचा तरी नुसता हात आलाय. मग जुने फोटो काढून बघा, असे हात आधीही आलेत का. आले असतील तर तो तुमचा विषय, आणि तो तिलाच आधी दिसला. माझ्या मते मैत्रीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, कारण आपलं आपल्याला दिसत नाही. आणि हो, महिनाभर लेन्स वेगवेगळी वापरा, ती 28 एमएम, म्हणजे जास्त भाग दाखवणारी, घेऊन जवळ जाईल, तुम्ही 85, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, घेऊन लांब थांबाल, पाय आपोआप वेगळीकडे वळतील.

प्रश्न: माझ्या मित्राने माझ्या आयडियावर अख्खी सिरीज केली आणि माझं नावही घेतलं नाही. काही करता येईल का?

उत्तर: कायद्याने फार काही नाही, कॉपीराइट तुम्ही काढलेल्या फोटोवर असतो, नुसत्या आयडियावर नसतो. पण वाईट वाटलंय तर त्याला सरळ सांगा, बाकीच्यांकडे बोलत बसू नका. कदाचित त्याच्या लक्षातही आलं नसेल, रोज एकत्र बोलताना कुठली गोष्ट आधी कोण बोललं हे खरंच विसरायला होतं. आणि तुमची सिरीज करायची सोडू नका, तुम्ही काढाल ते त्याच्यासारखं येणार नाही.