पेड्रो मार्टिनेझच्या विन्स फक्त २१९, मग लोक त्याला सगळ्यात भारी पिचर का म्हणतात?

तुमचं म्हणणं असं की बेसबॉलच्या पिचरमध्ये (आपल्याकडचा बोलर) क्लेमन्सच्या ३५४ विन्स, मॅडक्सच्या ३५५, रँडी जॉन्सनच्या ३०३, मग २१९ वाल्या पेड्रोला लोक एवढं डोक्यावर का घेतात, आणि नवीन माणसाने त्याची कुठली मॅच आधी बघावी. सांगतो, पण आधीच कबूल करून टाकतो की मी यात निष्पक्ष वगैरे अजिबात नाही. ९९ च्या फेब्रुवारीत वाय-टू-केच्या कामासाठी बॉस्टनजवळ फ्रॅमिंगहॅमला गेलो, सहा महिने म्हणून गेलो ते पावणेसहा वर्षं राहिलो, आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना जो पहिला पिचर बघितला तो हा. पहिलंच आमरस-पुरीचं ताट मिळाल्यावर नंतर कुणाच्या हातचं आवडणार?

आमच्या ऑफिसात रात्री साफसफाईला एक डॉमिनिकन काका यायचे. ते ट्रॉली ढकलत यायचे आणि काही दिवशी नुसतं बोट वर करून म्हणायचे, आज पेड्रो. स्टार्टिंग पिचर पाच दिवसांतून एकदाच टाकतो, त्यामुळे त्याचा दिवस ठरलेला असतो, आणि त्या दिवशी काकांचं काम तासभर आधी उरकलेलं असायचं. बेसबॉल मला शिकवला तो त्यांनीच, मोडक्या इंग्लिशमध्ये, आणि माझं इंग्लिशही तेव्हा काही फार धड नव्हतं.

तर विन्स. पिचरच्या नावावर विन लागायला त्याच्या टीमने रन्स काढायला लागतात, म्हणजे आपल्याकडे बोलरने सात विकेट काढायच्या आणि बॅट्समननी ऐंशीत गुंडाळून घ्यायचं, मग हरल्याचा शिक्का बोलरवर, असला प्रकार आहे. ६ मे २००० ला पेड्रोने टॅम्पा बेच्या १७ बॅटर्सना स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये घरी पाठवलं. सतरा! आणि मॅच हरला १-० ने. त्याआधी मॉन्ट्रियलकडून खेळताना, जून ९५ मध्ये सॅन डिएगोविरुद्ध नऊ इनिंगमध्ये २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ परत गेले, एकही बेसवर पोचला नाही, पण त्याच्या टीमलाही तोवर एक रन काढता आला नव्हता म्हणून मॅच दहाव्यात गेली, तिथे पहिल्याच बॅटरने डबल (एका फटक्यात दोन बेस) मारला आणि परफेक्ट गेम रेकॉर्डमधून गायब. विन मिळाली त्याला, पण बघा काय केलेलं आणि वहीत काय लिहिलं गेलं.

म्हणून बघायचा आकडा तो नाही, ईआरए बघा. पिचर नऊ इनिंगमागे किती रन्स देतो त्याची सरासरी, फील्डरच्या चुकांचे रन्स सोडून. सन २००० मध्ये अमेरिकन लीगमधल्या सगळ्या पिचर्सचा मिळून ईआरए होता ४.९, दोन नंबरवर क्लेमन्स ३.७०, आणि एक नंबरवर पेड्रो, १.७४. आता याला सरळ दहाने गुणा आणि क्रिकेट समजून वाचा. अख्ख्या लीगच्या बोलिंगचं अ‍ॅव्हरेज ४९, दोन नंबरवाल्या महान बोलरचं ३७, आणि एका माणसाचं १७. बुमराहने २०० टेस्ट विकेट घेतल्या तेव्हा अ‍ॅव्हरेज विशीच्या आत होतं म्हणून आपण नाचलो, बरोबरच नाचलो, पण तेव्हा बाकीच्यांचं काही ४९ नव्हतं ना. त्याच सीझनला एका इनिंगमागे पेड्रो वॉक (चार बॉल बाहेर टाकल्यावर मिळणारा फुकटचा बेस) आणि हिट मिळून ०.७३७ बॅटर बेसवर जाऊ द्यायचा, म्हणजे एक पूर्ण माणूससुद्धा नाही, आणि एका सीझनचा हा रेकॉर्ड आहे.

आणि काळ कुठला ते बघा. ९८ ला मॅकग्वायरने ७० होम रन मारले, सोसाने ६६, पुढच्या वर्षी ६५ आणि ६३, दंड मांडीएवढे झालेले, सगळ्या देशाला दिसत होतं काय चाललंय आणि सगळे टाळ्या पिटत होते. पुढे २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये स्टेरॉइडचं सगळं बाहेर आलं. पिचर्सची तेव्हा नुसती धुलाई चालायची. त्या धुलाईत हा कागदावर पाच फूट अकरा, वजन ७७ किलोच्या आसपास, प्रत्यक्षात आमच्या सांगलीच्या रूममेटएवढाच दिसायचा. डॉजर्सनी त्याला ९३ च्या शेवटी मॉन्ट्रियलला देऊन टाकलं ते याच कारणाने, हे शरीर स्टार्टरचं नाही, टिकणार नाही म्हणून, आणि बदल्यात घेतला डेलिनो डीशील्ड्स. थोरला भाऊ रामोन त्याच डॉजर्सचा मोठा पिचर होता, घरचीच टीम म्हणा ना, तिथून धाकट्याला काढला. मॉन्ट्रियलने घडवला, ९७ ला १.९० ईआरए, ३०५ स्ट्राइकआऊट आणि साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा), आणि लगेच पैसे परवडत नाहीत म्हणून बॉस्टनला विकल्यासारखा दिला. पुढचे दोन साय यंग ९९ आणि २००० चे, बॉस्टनचे.

तो टाकायचा काय? फास्टबॉल ताशी १५० किलोमीटरच्या वरचा, कर्व्ह, कटर, पण खरी चीज चेंजअप. काकांनी मला ती ग्रिप पॅन्ट्रीतल्या संत्र्यावर दाखवली होती. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून संत्र्याच्या बाजूला गोल करायचा, आपण झकास म्हणताना करतो तसा, आणि उरलेल्या तीन बोटांत संत्रं. जोर लावायची बोटं बाजूला गेल्यामुळे हात फास्टबॉलच्याच स्पीडने फिरतो पण बॉल वीस-पंचवीस किलोमीटरने हळू निघतो, वर शेवटी खाली बसतो आणि उजव्या बॅटरच्या अंगात शिरतो. पेड्रोची बोटं लांबच लांब आणि मागे वाकणारी, त्यामुळे हात बघून काही कळायचंच नाही. क्रिकेटमधला स्लोअर बॉल बॅट्समन टप्प्यानंतर तरी थोडा सावरून खेळू शकतो, इथे टप्पाच नाही, साठ फुटांवरून थेट हवेतून, आणि बॅट आधीच फिरून गेलेली असते. मी घरी कॉरिडॉरमध्ये टेनिस बॉलने ट्राय केलं आणि घरमालकाचा दिवा फोडला, ४० डॉलर गेले.

९९ चा सीझन म्हणजे २३ विन्स, ४ हार, ईआरए २.०७, ३१३ स्ट्राइकआऊट आणि वॉक फक्त ३७. जुलैमध्ये ऑल-स्टार मॅच बॉस्टनच्या फेनवे मैदानावरच होती, ८० वर्षांच्या टेड विल्यम्सना गाडीतून माउंडपर्यंत (पिचर उभा राहतो तो उंचवटा) आणलं, सगळे खेळाडू भोवती गोळा झाले, आणि मग पेड्रोने लार्किन, वॉकर, सोसा, मॅकग्वायर हे चार ओळीने स्ट्राइकआऊट केले. दोन इनिंगमध्ये सहा बॅटर, त्यातले पाच के. स्कोअर लिहिताना स्ट्राइकआऊटला के लिहितात, आणि फेनवेत पब्लिक प्रत्येक वेळी के लिहिलेला कागद लटकवायचं. तरीही त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, इव्हान रॉड्रिगेझ, १३ पॉइंटने, कारण दोन पत्रकारांनी पेड्रोचं नाव यादीत दहाव्या नंबरलासुद्धा घातलं नाही, पिचरला हा अवॉर्ड कशाला म्हणून. काका यावर अजूनही चिडलेले असतील.

आता माझी फेव्हरेट. लोक तुम्हाला १० सप्टेंबर ९९ ची मॅच सांगतील, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर १७ स्ट्राइकआऊट, एकच हिट (चिली डेव्हिसचा होम रन), ३-१ ने जिंकली, सांगणाऱ्यांचं काही चुकत नाही, भारीच आहे. पण मी ११ ऑक्टोबर ९९ म्हणेन, क्लीव्हलँड, प्लेऑफची पाचवी मॅच, हरला तो घरी. पहिल्या मॅचमध्ये पेड्रोची पाठ धरली होती आणि चार इनिंगनंतर बाहेर गेला होता, तो आता खेळेल असं कुणी धरलंच नव्हतं. समोर क्लीव्हलँड, ज्यांनी त्या सीझनला १००९ रन्स काढलेले, आणि तीन इनिंगमध्येच स्कोअर ८-८, म्हणजे दोन्हीकडच्या पिचर्सची चटणी झालेली. चौथ्या इनिंगला बुलपेनचं (राखीव पिचर वॉर्मअप करतात ती जागा) दार उघडलं आणि हा चालत आला. आख्खं स्टेडियम गप्प झालेलं टीव्हीवर ऐकू आलं, खरंच ऐकू आलं. पाठीमुळे नेहमीचा फास्टबॉल नव्हताच त्याच्याकडे, मग नुसते कर्व्ह, चेंजअप, जागा बदलत, स्पीड बदलत टाकत राहिला, सहा इनिंग, शून्य हिट, आठ स्ट्राइकआऊट. बॉस्टन १२-८ ने जिंकली. ज्याचं सगळं स्पीडवर आहे असं लोकांना वाटत होतं त्याने स्पीड नसताना त्या वर्षीच्या सगळ्यात खतरनाक बॅटिंगला गुंडाळलं, मला वाटतं विन्स-बिन्सचा वाद तिथेच मिटायला हवा.

साधुसंत नव्हता हेही सांगायला पाहिजे. बॅटरच्या अंगावर टाकायचा, बिनधास्त, आणि करिअरमध्ये १४१ जणांना बॉल लागलेत. ऑगस्ट २००० मध्ये पहिल्याच बॅटरला लागला, तो माउंडवर धावून आला, तुफान हाणामारी, आणि त्यानंतर याने ओळीने २४ बॅटर काढले, नो-हिटर (एकही हिट न देता अख्खी मॅच) नवव्या इनिंगला हुकली. २००३ ला यँकीजचे ७२ वर्षांचे कोच डॉन झिमर अंगावर धावून आले तेव्हा त्यांना डोक्याला धरून खाली पाडलं, ते मात्र बघवत नाही, आधी तेच धावून आले होते हे खरं असलं तरी.

यँकीजविरुद्धच्या त्याच प्लेऑफ सिरीजची सातवी मॅच, १६ ऑक्टोबर २००३. आम्ही सहा जण एका खोलीत, पोहे कधीचे गार झालेले. सात इनिंग झाल्या, पेड्रोचे १०० पिच (म्हणजे बॉल) टाकून झाले, त्याने आकाशाकडे बोट दाखवलं, डगआऊटमध्ये गळाभेटी झाल्या, म्हणजे संपलं याचं काम. शंभरनंतर तो दमतो हे माझ्यासारख्या चार वर्षांच्या फॅनलाही पाठ होतं. मग ५-२ लीड असताना आठव्याला हाच पुन्हा टाकायला बाहेर! जीटर डबल, विल्यम्स सिंगल, ५-३. मॅनेजर ग्रेडी लिटल चालत माउंडवर गेले, आम्ही सुटकेचा श्वास टाकला, ते काहीतरी बोलले, आणि एकटेच परत फिरले. सांगलीकर उठून बाथरूममध्ये गेला तो आलाच नाही. मात्सुई डबल, पोसाडाचा अर्धवट लागलेला बॉल मधोमध जाऊन पडला, ५-५. अकराव्याला आरोन बूनने होम रन मारून संपवलं. लिटलची नोकरी गेली. मी पेड्रोला दोष देत नाही, टाकू शकतोस का विचारल्यावर असा माणूस नाही म्हणतच नसतो, ते मॅनेजरने ओळखायचं असतं.

पुढच्या वर्षी यँकीजपुढे हरल्यावर त्याने प्रेसला सांगितलं की यँकीजच माझे बाप. झालं, न्यूयॉर्कला साठ हजार लोक तेच ओरडायला लागले, बाप कोण तुझा. तर मॅचनंतर हा शांतपणे म्हणाला की मला तर आज बरं वाटलं, पंधरा वर्षांपूर्वी मी आंब्याच्या झाडाखाली बसलेलो असायचो, बसच्या तिकिटाला पन्नास सेंट नव्हते, आज एवढे लोक माझं नाव घेतायत. मानोग्वायाबो नावाचं सँटो डोमिंगोजवळचं गाव त्याचं. काकांनी हे मला दोनदा ऐकवलं, आणि आंबा म्हटल्यावर मलाही काय बोलावं सुचेना. त्याच महिन्यात वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच, सेंट लुईसला, सात इनिंग, तीन हिट, शून्य रन. १९१८ नंतर बॉस्टनने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली आणि बॉस्टनसाठी त्याने टाकलेली ती शेवटची मॅच ठरली.

नंतरचं पटकन. मेट्सने चार वर्षांचे ५३ मिलियन दिले, पहिलं वर्ष छान गेलं, मग खांदा, ऑपरेशन, शेवटी २००९ ला फिलाडेल्फिया. एकूण २१९-१००, ईआरए २.९३, आणि २८२७ इनिंगमध्ये ३१५४ स्ट्राइकआऊट, म्हणजे इनिंगमागे एकाहून जास्त. २०१५ ला पहिल्याच फटक्यात ९१ टक्के मतांनी हॉल ऑफ फेम, हुआन मारिशालनंतर ३२ वर्षांनी दुसरा डॉमिनिकन, आणि दोनच दिवसांनी बॉस्टनने त्याचा ४५ नंबर रिटायर केला. क्लेमन्स इतक्या विन्स घेऊनही अजून बाहेरच आहे, त्याचं कारण वर आलेलंच आहे, स्टेरॉइडचा संशय.

सगळ्यात भारी म्हणजे वीस वर्षं सातत्याने, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर मॅडक्स घ्या, मी भांडणार नाही. पण एका मॅचसाठी एकच पिचर निवडायचा असेल तर ९९-२००० चा पेड्रो, आणि बघायला सुरुवात क्लीव्हलँडपासून करा, मग यँकी स्टेडियमची. २००३ ची आठवी इनिंगसुद्धा सर्च केलं की लगेच सापडते म्हणे. मी अजून केलेलं नाही.