सिग्नल पेटला म्हणजे प्रोटीन बाहेर आलं असं नाही

अगं, तुझा मेसेज वाचला. हेपजी२ या लिव्हरच्या पेशींवर आयएल-६ (इन्फ्लमेशनचा निरोप देणारं प्रोटीन) घातलं, अर्ध्या तासात फॉस्फो-स्टॅट३ चा, म्हणजे चालू झालेल्या सिग्नल प्रोटीनचा, बँड झळकला आणि तू लिहिलंस "मॅडम, हॅप्टोग्लोबिनचं झालं". नाही गं, हॅप्टोग्लोबिन म्हणजे लिव्हरने रक्तात सोडायचं प्रोटीन, त्याची आता कुठे सुरुवात झालीय.

बघ, इन्फ्लमेशन झालं की आयएल-६ चा निरोप लिव्हरच्या पेशीला मिळतो, आधी पेशीवरचा रिसेप्टर जीपी१३०, मग जॅक हे एन्झाइम, मग स्टॅट३ न्यूक्लियसमध्ये जाऊन हॅप्टोग्लोबिनचं जीन चालू करतो, सीईबीपी-बीटा हे दुसरं जीन चालू करणारं प्रोटीन हातभार लावतं. इथवर मिनिटांचं काम. पण प्रोटीन ईआरमध्ये (पेशीतल्या प्रोटीनच्या कारखान्यात) बनणार, कापलं जाणार, त्याच्या मोठ्या तुकड्यावर, म्हणजे बीटा चेनवर, साखरेच्या साखळ्या चढणार, गॉल्जी या पेशीतल्या पॅकिंग विभागातून मग बाहेर पडणार, त्याला तास लागतात. मधेच सॉक्स३ हे प्रोटीन सिग्नलला ब्रेक लावतं, म्हणून दोन तासांनी स्टॅट३ फिका दिसला तर घाबरू नकोस.

म्हणून मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रव, जपून ठेव. पेशी लाइज करायच्या (फोडायच्या) घाईत सगळे वरचं मीडियम ओतून देतात आणि आपलं प्रोटीन तर त्यातच असतं! २४ आणि ४८ तासांचं घे, सिरम-फ्री. मी पीएचडीला असताना १० टक्के एफबीएस (वासराचं सिरम) तसंच ठेवलं होतं, त्यातल्या अल्ब्युमिनने जेलची प्रत्येक लेन फुगली, तीन आठवडे वाया गेले. आणि पीएनजेस एफ, म्हणजे साखरेच्या साखळ्या कापणारं एन्झाइम, नक्की लाव, ४० केडीए (प्रोटीनच्या वजनाचं माप) जवळचा बीटा चेनचा बँड खाली सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ, मग ग्लायकोप्रोटीन (साखर चढलेलं प्रोटीन) म्हणजे काय ते मनात पक्कं बसतं.

आता पेशंटचं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल किती आहे तुला माहितीये. लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन सांडतं, हॅप्टोग्लोबिन त्याला धरतं आणि मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींवरचा सीडी१६३ रिसेप्टर दोघांना एकदम आत ओढून घेतो, म्हणून रिपोर्टमध्ये हॅप्टोग्लोबिनचा आकडा तळाला जातो. पण त्याच पोराला इन्फेक्शन झालं की लिव्हर जोरात बनवायला लागतं, इकडून गळती तिकडून भर, आणि आकडा नॉर्मलकडे सरकू शकतो, हीमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, मात्र चालूच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकट्या आकड्यावर विसंबलं की पोराचं आजारपण नजरेतून सुटतं. सोबत सीआरपी (इन्फ्लमेशन दाखवतं), एलडीएच (पेशी फुटल्याचं दाखवतं), रेटिक काउंट (नव्या लाल पेशी मोजतो) बघायचाच.

सोमवारी येताना मीडियमच्या ट्यूब उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून काढून बर्फावर आण, आणि प्रत्येकीवर तारीख नि तास लिहिलेला असू दे.