आधी नव्हतं का? होतं की, आपल्याच घरात होतं

मुलाचं ऑटिझमचं निदान पाचव्या वर्षी झालं, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आणि डॉक्टरांची प्रश्नावली भरता भरता तुम्हाला त्यात नवराच दिसायला लागला, असं लिहिलंयत म्हणून सविस्तर सांगते.

आकडे घाबरवतात खरे. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था आठ वर्षांच्या मुलांची पाहणी करते, 2000 साली 150 मुलांमागे एक होतं, 2022 च्या पाहणीत 31 मागे एक. पण यात मोठा वाटा व्याख्या रुंदावल्याचा आणि लोक ओळखायला लागल्याचा आहे. 2013 ला डीएसएम-5 मध्ये (डॉक्टर निदानासाठी वापरतात ते अमेरिकेतलं पुस्तक) अ‍ॅस्पर्गर (बोलणं-बुद्धी चांगली असणारा ऑटिझमसारखा प्रकार) वगैरे सगळं ऑटिझमच्या एका स्पेक्ट्रमखाली, म्हणजे कमी-जास्त छटांच्या एकाच गटात आलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आणि ऑटिझमचं निदान एकत्र करायचं नाही हा नियमही तेव्हाच गेला, आणि चांगल्या बोलणाऱ्या, शाळेत निभावून नेणाऱ्या मुली तर आधी कोणाच्या लक्षातच यायच्या नाहीत. (लसीमुळे ऑटिझम होतो असं कोणी म्हणालंच तर तसा संबंध सुचवणारा 1998 चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतलाय एवढं सांगा.)

नवऱ्याबद्दल तुम्हाला वाटतंय ते अजिबात वावगं नाही, यात आनुवंशिकतेचा भाग खूप मोठा आहे. पण लगेच "तुम्हालाही तेच आहे" म्हणून त्याच्यावर शिक्का मारू नका, त्याला विचारा की लहानपणी तुला कशाचा त्रास व्हायचा आणि तू काय करायचास. आमच्याकडे सासरे तुसडे म्हणूनच प्रसिद्ध, पाहुणे आले की अर्ध्या तासात आतल्या खोलीत. एका लग्नात माझी मुलगी कान दाबून किंचाळायला लागली, सगळे समजूत काढतायत, तर सासरे उठले, तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाले कोणी बोलू नका तिच्याशी. दहा मिनिटांत शांत! त्यांना ते कोणी शिकवलेलं नव्हतं हो, ते स्वतः आयुष्यभर तेच करत आले होते. घरात असं माणूस असणं किती मोलाचं आहे ते मला त्या दिवशी कळलं.

नवऱ्याला स्वतःची तपासणी करायची असेल तर मोठ्यांचं निदान करणारे सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट बघा, लहानपणाची माहिती विचारतात तेव्हा सासूबाईच लागतील. नसेल करायची तर राहू दे, त्याचा निर्णय त्याचा. मुलाची स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमायला मदत करणारी) मात्र यासाठी थांबवू नका, आणि धाकटीवरही लक्ष असू द्या, पाठच्या भावंडांत साधारण पाचात एकाला असू शकतं.