अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हिल्टन्ससारख्या खेड्यात ‘कार्टर फॅमिली फोल्ड’ हे कंट्री संगीताचे, म्हणजे ग्रामीण अमेरिकी लोकपरंपरेतून आलेल्या संगीताचे, सभागृह कसे उभे राहिले?

याचे मूळ एका किराणा दुकानात आहे. 1927 मध्ये ब्रिस्टल येथे पहिले ध्वनिमुद्रण करणाऱ्या मूळ ‘कार्टर फॅमिली’ या गायकवृंदातील ए. पी. कार्टर उतारवयात गावी दुकान चालवत असत. 1960 मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु हे संगीत जिवंत ठेवण्याचे वचन त्यांना देणाऱ्या त्यांच्या कन्या जॅनेट यांनी 1974 मध्ये त्याच दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. जागा अपुरी पडू लागल्यावर बंधू जो यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये शेजारी सभागृह बांधले गेले आणि बसण्यासाठी जुन्या स्कूल बसमधील आसने आणली गेली.

मद्यबंदी आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांना मनाई, हे येथील नियम मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांमुळेच लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सारे एकत्र येतात आणि रंगमंचासमोरच्या लाकडी जमिनीवर फिडलच्या (व्हायोलिनच्या) तालावर पावले थिरकवतात. विजेवरील वाद्यांच्या नियमाला अपवाद होता तो जॅनेट यांची चुलत बहीण जून यांचे पती, प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅश यांचा. जून यांच्या निधनानंतर दोनच महिन्यांच्या आत, 5 जुलै 2003 रोजी, कॅश यांनी आपला अखेरचा जाहीर कार्यक्रम येथेच केला. जॅनेट 2006 मध्ये निवर्तल्या. पुढे त्यांच्या कन्येने ही धुरा सांभाळली.